टॉप ४०० वॅटचा, तर अँप किती वॅटचा घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाकडे लग्नं, कीर्तनं आणि गणपतीत मंडळांची कामं करणाऱ्या एका तरुण साउंडवाल्याने विचारलंय. त्याच्याकडे १५ इंची दोन टॉप (गळा आणि वरचा आवाज देणारे स्पीकर) आहेत, ८ ओमचे (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), कागदावर ४०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद. १८ इंची दोन बेस आहेत, तेही ८ ओमचे, ६०० वॅट आरएमएस. टॉप ज्या अँपवर (अँप्लिफायरवर) चालतात त्याच्या खोक्यावर २००० वॅट लिहिलंय. दोन हंगामांत टॉपचे तीन डायफ्रॅम (वरच्या पट्टीचा आवाज करणारे पातळ पडदे) जळाले. दुकानदार म्हणतो, अँप मोठा झालाय, लहान घे. मित्र म्हणतो, अँप लहान पडतोय, मोठा घे. कुणाचं ऐकू?

मित्राचं बरोबर आहे, पण अर्धंच. नुसता मोठा अँप आणून जोडलास तर पुढच्या गणपतीत डायफ्रॅमसोबत १५ इंचीची कॉइलही (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जाईल. आणि दुकानदाराचं ऐकून लहान घेतलास तर आत्ता जळतात त्याहून लवकर जळतील. मी भोंगे आणि युनिटच्या काळापासून हे काम करतोय, आणि लहान अँपवर मोठं मैदान ओढायची चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून बैजवार सांगतो.

आधी खोक्यावरचे २००० बाजूला ठेव. अँपसोबत आलेलं पुस्तक उघड आणि त्यातली एकच ओळ शोध: ८ ओमवर, एका चॅनलला, दोन्ही चॅनल चालू असताना किती वॅट आरएमएस. अशा अँपला तिथे बहुतेक वेळा ५०० च्या आसपासचा आकडा निघतो. ५०० वॅटच्या साइन वेव्हचा (शुद्ध एकसुरी लहरीचा) पीक, म्हणजे क्षणभर गाठलेलं टोक, १००० वॅट, दोन चॅनलचे मिळून २०००. कधी ब्रिजवर (दोन्ही चॅनल मिळून एकच भार चालवताना) ४ ओमला मिळणारा आकडा खोक्यावर छापलेला असतो. दोन्ही प्रकारांत तुझ्या एका टॉपच्या वाट्याला किती येतं ते त्या २००० वरून कळत नाही. पुढचा हिशोब मी ५०० धरून करतो. तुझ्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो घाल.

आता स्पीकरचा कागद. तिथे तीन आकडे असतात: ४०० आरएमएस, ८०० प्रोग्रॅम, १६०० पीक. यातला ४०० हा खरा मोजलेला. स्पीकरला पिंक नॉइज म्हणजे एकसारखा खळखळाट दोन तास वाजवतात, ज्याचे पीक सरासरीपेक्षा ६ डीबी वर असतात. ६ डीबी म्हणजे पॉवरमध्ये चौपट, म्हणून ४०० चे पीक १६००. मधला ८०० हा अँप निवडताना सोयीचा म्हणून दुप्पट करून लिहिलेला आकडा आहे.

सगळी गोम पुढच्या हिशोबात आहे, म्हणून तो वहीत स्वतः मांडून बघ.

समज टॉपला ८०० वॅटचा अँप लावला. क्लिपची (अँपची हद्द संपली, लहरीचा माथा कापला जातोय हे सांगणारी) लाल लाइट नुकती लुकलुकायला लागली की पीक १६०० वॅटला टेकले. ढोलकी, तबला, माइकवरचा मोकळा गळा यांत पीक आणि सरासरी यांच्यात सहज १२ डीबी किंवा त्याहून जास्त अंतर असतं. १२ डीबी म्हणजे सोळावा हिस्सा. म्हणजे अँप काठोकाठ चालत असताना स्पीकरला सरासरी मिळतात फक्त १०० वॅट. डीजेची गच्च दाबलेली गाणी लावलीस तर हे अंतर ६ डीबीपर्यंत खाली येतं, तेव्हा सरासरी बरोबर ४०० वॅट. कागदावरची मर्यादा गाठली, ओलांडली नाही. म्हणूनच आरएमएसच्या दीडपट ते दुप्पट अँप घ्या म्हणतात.

आता तुझा ५०० वॅटचा अँप. पीक १००० च्या वर जाऊच शकत नाही. ढोलकीवर लाल लाइट येईपर्यंत सरासरी जेमतेम ६२ वॅट. मागच्या रांगांना ऐकू येत नाही, पोरं ओरडतात, फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता दांडा) वर जातो. पीक वर जायला जागा नाही, पण पिकांच्या मधला भाग वर येत राहतो, म्हणजे सरासरी वाढत राहते. लाल लाइट सतत पेटलेली राहायला लागली की अंतर ३ डीबीपर्यंत येतं आणि सरासरी ५०० वॅट होते. लहर पूर्ण चौकोनी झाली तर १०००. ४०० वॅटचा स्पीकर ५०० वॅटच्या अँपने असा जळतो.

आपल्या लाइनीत सगळे सांगतात की क्लिपिंगमध्ये डीसी येतो आणि तो स्पीकर जाळतो. तसं नसतं. लहर वरून आणि खालून सारखीच कापली जाते. अँपचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर खरा डीसी येतो, पण तेव्हा बेसचा कोन एका बाजूला खेचून धरल्यासारखा दिसतो आणि काही सेकंदांत वास येतो. तुझ्याकडे झालंय ते साधं उष्णतेचं काम आहे. ९७ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅटला १ मीटरवर ९७ डीबी देणारा) चांगला स्पीकरसुद्धा दिलेल्या १०० वॅटपैकी साधारण ३ वॅटचाच आवाज करतो. उरलेले ९७ वॅट बोटभर रुंदीच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन बसतात. कॉइल २०० अंशांनी तापली की तांब्याचा रेझिस्टन्स पाऊणपटीहून जास्त वाढतो, आणि त्याच व्होल्टला स्पीकर जवळपास निम्मीच पॉवर घेतो. म्हणजे तू फेडर वर नेतोस, स्पीकर तापून आवाज खाली आणतो, तू आणखी वर नेतोस. रात्री नवाला चांगला वाजणारा सेट साडेनवाला दमल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

मग १५ इंचीची कॉइल तगली आणि डायफ्रॅमच का गेले? तुझ्या टॉपमधला कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे डायफ्रॅम बसतो ते वरच्या पट्टीचं युनिट, स्वतः फार तर ५०-८० वॅटचा असेल. एरवी त्याचं भागतं, कारण गाण्यातली बरीचशी ताकद खालच्या पट्टीत असते. पण अँप क्लिप व्हायला लागला की खालचे मोठे पीक छताला लागून कापले जातात, वरची पट्टी मात्र फेडरबरोबर वाढतच राहते. शिवाय कापलेल्या कडांमधून नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि तेही क्रॉसओव्हरमधून (खालची आणि वरची पट्टी वेगळी करणाऱ्या सर्किटमधून) थेट वर जातात. त्यात माइकची सीटी वाजली की ती जवळजवळ शुद्ध साइन असते, तिच्यात पीक आणि सरासरीत ३ डीबीचंच अंतर. अडीच-तीन हजार हर्ट्झची लांब सीटी म्हणजे अँपची अख्खी ताकद त्या एवढ्याशा कॉइलवर. कीर्तनात बुवांचा माइक वर नेताना सीटी निघते ती दोन सेकंदांपेक्षा जास्त राहू देऊ नकोस.

जळालेले डायफ्रॅम फेकले नसशील तर ते उजेडात धर. कॉइल तपकिरी-काळी पडलीय, वार्निशला जळका वास आहे, फेर सैल झालेत, तर ते उष्णतेने गेलंय: क्लिपिंग किंवा सीटी. कॉइल लखलखीत तांबडी आहे पण कॉइलपासून बाहेर येणारी बारीक पट्टी तुटलीय किंवा घुमटाला कडेने चीर पडलीय, तर तो धक्का आहे: चालू अँपवर केबल काढणं-घालणं, मिक्सर चालू असताना फँटमचं (माइकला वीज देणारं) बटण दाबणं, किंवा अँप आधी आणि मिक्सर नंतर सुरू करणं. दोन्हींचा इलाज वेगळा. माझा अंदाज तुझे तिन्ही काळे असतील, पण बघून खात्री कर.

तर टॉपसाठी: ८ ओमवर प्रत्येक चॅनलला ७०० ते ८०० वॅट देणारा अँप, एका चॅनलवर एक टॉप. बेससाठी: एका चॅनलवर एक बेस असेल तर ८ ओमला १००० ते १२०० वॅट. दोन्ही बेस एकाच चॅनलवर समांतर जोडायचे असतील तर भार ४ ओम होतो आणि त्या चॅनलने ४ ओमला २००० च्या पुढे द्यायला हवेत. इथे पुष्कळ जण फसतात. ओम निम्मे झाले की पॉवर दुप्पट होते हे गणितात. खऱ्या अँपमध्ये ८ ओमला ५०० देणारा ४ ओमला ८००-८५० देतो, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला उलट कमी येतं. चार बेस समांतर लावून २ ओमवर चालवायच्या फंदात तर पडूच नकोस, अँपवर तसं लिहिलेलं असलं तरी. केबल तापते, अँप तापतो आणि ऐन मिरवणुकीत प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

ब्रिजचंही तेच. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला अर्धे ओम दिसतात. ८ ओमचा एक बेस ब्रिजवर म्हणजे दोन्ही चॅनल ४ ओमवर चालतायत. दोन बेस समांतर करून ब्रिजवर लावलेस तर प्रत्येक चॅनल २ ओमवर. आणि ब्रिजवर चालणाऱ्या केबलला चुकून टॉप लागला तर तो एका ठोक्यात जातो. मी ब्रिजच्या केबलला लाल टेप गुंडाळतो, आणि त्या केबलला हात लावायची परवानगी एकाच माणसाला असते.

काम सुरू करण्याआधी मल्टिमीटर घेऊन अँपच्या बाजूच्या केबलच्या टोकाला मोजायची सवय लाव. ८ ओमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, दोन समांतर असले तर तीनच्या आसपास. आठ दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही, मीटर डीसी मोजतो. शून्याजवळ आकडा आला तर केबल शॉर्ट आहे, काहीच आला नाही तर कॉइल तुटलीय किंवा प्लग सुटलाय. दोन मिनिटांचं काम, पण मंडपात गर्दी व्हायच्या आत होतं.

आता मोठ्या अँपची दुसरी अर्धी गोष्ट, जी मित्राने सांगितली नाही: लिमिटर, म्हणजे ठरलेल्या हद्दीच्या वर सिग्नल जाऊ न देणारी सोय. मोठा अँप लिमिटरशिवाय द्यायचा म्हणजे नवशिक्याच्या हातात ट्रक द्यायचा. लिमिटरचा हिशोब व्होल्टमध्ये करायचा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. टॉपसाठी ४०० गुणिले ८ म्हणजे ३२००, वर्गमूळ साडेछप्पन व्होल्ट. बेससाठी ६०० गुणिले ८, वर्गमूळ ६९ व्होल्ट. दोन बेस समांतर लावले तरी व्होल्ट तेच राहतात, म्हणून एकदा बसवलेला लिमिटर बदलावा लागत नाही.

बसवताना स्पीकर काढून ठेव, अँपच्या पुढच्या नॉब पूर्ण उघड, मिक्सरमधून किंवा मोबाइलमधून साइन टोन सोड. बेसला ६० हर्ट्झ, टॉपला २०० हर्ट्झ. यापेक्षा वरच्या टोनला साधं मल्टिमीटर चुकीचं दाखवतं. अँपच्या टोकांवर मीटर एसीवर लाव आणि आवाज वाढवत ने. कितीही वाढवलं तरी टॉपचा मीटर ५६ च्या वर जात नाही असा लिमिटरचा थ्रेशोल्ड बसव. हे ५६ व्होल्ट बोटाला लागू देऊ नकोस, घरातल्या लाइनीसारखाच मान दे. तू घेशील त्या प्रोसेसरमध्ये (मिक्सर आणि अँपच्या मधे लागणाऱ्या डब्यात) आरएमएस आणि पीक असे दोन लिमिटर असतील तर हे ५६ सावकाश पकडणाऱ्या आरएमएसला, आणि पीकचा लिमिटर साइनने ८० व्होल्टला अडेल असा. म्हणजे ढोलकीची थाप मोकळी जाते आणि उष्णता अडते. एकच लिमिटर असेल तर डीजेच्या कामाला ५६ वरच ठेव. कीर्तन-भजनाला ८० चालेल, तिथे सरासरी मुळातच कमी असते, फक्त सीटीवर डोळा हवा.

नॉब पूर्ण उघडायला का सांगितलं? अँपचा नॉब ताकद अडवत नाही. तो फक्त आत येणारा सिग्नल किती घ्यायचा ते ठरवतो. निम्म्यावर ठेवला तरी मिक्सरमधून जोरात सिग्नल आला की अँप पूर्ण पॉवर देतोच. आणि निम्म्यावर ठेवून लिमिटर बसवलास, नंतर पोराने नॉब फिरवला, की लिमिटरचा हिशोब गेला.

प्रोसेसर हातात आला की आणखी दोन गोष्टी कर. टॉपला १०० हर्ट्झच्या खालचं देऊ नकोस, बेस कशाला आहेत मग? टॉपच्या १५ इंचीवरचा केवढा तरी भार उतरतो. आणि बेसला ३५ ते ४० हर्ट्झच्या खाली २४ डीबीच्या उताराने काप. त्याखाली कोनला बॉक्सची हवा धरत नाही, कोन नुसता हलतो, आवाज होत नाही आणि कॉइल मागे आपटते. बेस जळत नाहीत पण खरखरतात अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

वीज. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि गावात सगळा खेळ इथेच होतो. संध्याकाळी खांबावरून येणारी लाइन २३० ची १९० झाली तर ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या अँपची ताकद व्होल्टच्या वर्गाने पडते, साधारण ६८ टक्क्यांवर येते. तुझा ८०० चा अँप त्या रात्री साडेपाचशेचाच आहे, म्हणजे क्लिप लवकर येणार, म्हणजे वर सांगितलेली सगळी गोष्ट पुन्हा घडणार. रॅकमध्ये एक व्होल्टमीटर कायमचा लावून घे. जनरेटर असेल तर दिव्यांची माळ आणि साउंड वेगळ्या फेजवर घे, आणि न्यूट्रल स्वतः हलवून घट्ट आहे का ते बघ, अर्थात जनरेटर बंद असताना. थ्री फेजवर न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या लाइनीत ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं. एका जत्रेत माझ्या डोळ्यांसमोर अख्खा रॅक असा गेला, स्पीकर सगळे धड, अँप एकही उरला नाही.

केबलला लोक काटकसर करतात. अडीच एमएमची ३० मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, साधारण ०.४२ ओम. ८ ओमच्या भाराला त्यातून दहा टक्के पॉवर कमी पोहोचते, ४ ओमला अठरा टक्के. महागडा अँप घेऊन जवळपास पाचवा हिस्सा केबलपायी घालवायचा यात काय अर्थ आहे? अँपचा रॅक स्टेजच्या बाजूला, बेसजवळ ठेव, आणि मिक्सरपासून तिथपर्यंत सिग्नलची केबल ओढ. ती लांब असली तरी चालते, बॅलन्स्ड (बाहेरची खरखर न पकडणारी) असली म्हणजे झालं.

आणि आता मुख्य प्रश्न, जो तू विचारला नाहीस. तू फेडर वर का नेतोस? कारण मैदानाला सेट पुरत नाही. ९७ डीबीचा टॉप ४०० वॅटवर १ मीटरला १२३ डीबी देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे ३२ मीटरवर ३० डीबी गेले, उरले ९३. हे कॉइल गार असताना आणि अँप सतत पूर्ण ओढलेला असताना. ५०० चा काढून १००० चा अँप लावलास तर वाढतात फक्त ३ डीबी. पैसे दुप्पट आणि मागच्या रांगेतल्या माणसाला जेमतेम जाणवणारा फरक. मोठ्या अँपने आवाज स्वच्छ होतो आणि डायफ्रॅम वाचतात. मैदान भरायचं तर स्पीकर वाढवावे लागतात किंवा ते लोकांच्या जवळ न्यावे लागतात.

यातलं काही फुकटात होतं. दोन बेस स्टेजच्या दोन टोकांना ठेवतोस ना? ते मधोमध एकत्र, जमिनीवर, एकमेकांना चिकटून ठेव. एका बेसपेक्षा ६ डीबी जास्त, आणि तेही सगळ्या मैदानात सारखे. दोन टोकांना ठेवले की मध्यरेषेवर ढम आणि बाजूला काही पावलं सरकलं की बेस गायब. टॉप उंच स्टँडवर, लोकांच्या डोक्यावरून, किंचित खाली झुकवलेले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या कानात आवाज घुसत नाही आणि मागे पोहोचतो.

मैदान तीस-पस्तीस मीटरपेक्षा लांब असेल तर मागे दोन लहान टॉप डिलेवर लाव, म्हणजे पुढचा आवाज तिथे पोहोचेल तेव्हाच वाजतील असे उशिराने. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरवरच्या स्पीकरला १०० मिलिसेकंद डिले. मागचे टॉप १२ इंची, २०० वॅटचे असले तरी पुरतात, कारण त्यांच्यापुढे पंधरा मीटरचंच काम आहे. कीर्तनाला तर मला पुढे दोन आणि मागे दोन हीच मांडणी आवडते. बुवा हळू आवाजात ओवी म्हणाले तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचतो, आणि पुढचे टॉप ढकलायची वेळच येत नाही.

म्हणून पैशाचा क्रम असा ठेव. आधी लिमिटर आणि क्रॉसओव्हर असलेला प्रोसेसर. मग टॉपसाठी ८०० वाला अँप. सध्याचा ५०० वाला विकू नकोस, तोच मागच्या डिलेच्या टॉपला लागेल, अर्थात लिमिटर लावून. बेसचा अँप त्यानंतर.

तिसरा डायफ्रॅम अजून बदलायचा असेल तर त्याबद्दलही सांगतो. नवा घेताना ओम बघ, ८ चा आणि १६ चा दिसायला सारखाच असतो. जुना काढल्यावर गॅपमध्ये (कॉइल बसते त्या चुंबकाच्या फटीत) जळलेल्या वार्निशची काळी भुकटी असते. व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती गॅपमध्ये गोल फिरव, टेप स्वच्छ निघेपर्यंत. चुंबक स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतो, म्हणून नवा डायफ्रॅम बसवताना हत्यार एका हाताने आणि घुमट दुसऱ्या हाताने झाकून धर. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. मग क्रॉसओव्हरमधूनच, अगदी बारीक आवाजात, १ हजारापासून १० हजारापर्यंत टोन सावकाश फिरव. मध्येच कुठे झर्रर्र झालं तर कॉइल घासतेय. उघड, पुन्हा बसव, आणि टोन स्वच्छ वाजल्याशिवाय तो टॉप गाडीत चढवू नकोस.